सुरीची प्लास्टिकची मूठ तापवून हाताजोगी करता येते का? (जळक्या सुरीचा फोटो आत आहे)

सदाखटपटे
शनिवार, रात्री १०:१२

मंडळी, प्रश्न विचित्र आहे, पण इथले जुने धागे चाळल्यावर धीर आला.

आई ७१ वर्षांची. पन्नास वर्षं विळीवर चिरलं. गुडघ्यांनी असहकार पुकारला तशी दोन वर्षांपूर्वी विळी माळ्यावर गेली आणि ओट्यावर सुरी आली. आता उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे. भाजीबाजारात मिळते ती साधी सुरी, पिवळी बारीक मूठ. दुधी चिरून झाला की हात झटकत बसते.

गेल्या महिन्यात फोडणी करताना तिने सुरी कढईच्या काठाला टेकवून ठेवली आणि फोन घ्यायला गेली. परत येईपर्यंत मूठ एका बाजूने बसली होती. अंगठ्याएवढा खळगा, आणि खळग्याच्या कडेला वितळलेल्या प्लास्टिकचा वर आलेला ओठ. मी ती कचऱ्यात टाकायला निघालो तर आईने हातातून काढून घेतली. "राहू दे, हीच बरी वाटते."

मला वाटलं नेहमीची काटकसर. नीट पाहिलं तर अंगठा त्या खळग्यात बरोब्बर बसतो आणि ओठामुळे पुढे घसरत नाही. आता घरात पाच सुऱ्या आहेत आणि ती फक्त जळकी वापरते.

मग प्रश्न असा: जे कढईने चुकून केलं ते मला मुद्दाम करता येईल का? काल एक नवी सुरी, पातं वर आणि मूठ पाण्यात, अशी उकळत्या पाण्यात वीस मिनिटं धरली. जाड फडक्यात धरून दाबली. ढिम्म हलली नाही. पुढची पायरी हीटगन (कडक गरम हवा सोडणारं यंत्र), शेजाऱ्यांकडे आहे. त्याआधी विचारलेलं बरं.

टोपणराव
शनिवार, रात्री १०:२०

पुढची पायरी हीटगन आणि त्याच्या पुढची बर्नॉल. वाचतोय.

कर्दळ
शनिवार, रात्री १०:४१

अगं बाई, आमच्याकडेही अशी एक आहे! फक्त तिचा खळगा चुकीच्या बाजूला पडलाय. डावखुऱ्या माणसाला देऊन टाकावी म्हणते.

अवांतर: सगळ्यांच्या घरात एक जळकी सुरी, एक जळका झारा आणि मूठ नसलेलं एक पातेलं असतंच असं माझं निरीक्षण आहे.

साचेकार
रविवार, सकाळी ७:०५

खटपटेराव, हीटगन शेजाऱ्यांना परत करा. भोसरीत २६ वर्षं प्लास्टिक मोल्डिंग करतोय, सुऱ्यांच्या मुठीही केल्यात. जरा सविस्तर लिहितो.

आधी मूठ होते कशी ते बघा. पात्याच्या मागे पोलादाची एक शेपटी असते, स्वस्त सुरीत जेमतेम चार-पाच सेंटिमीटर. तिला एक-दोन भोकं किंवा खाचा पाडलेल्या असतात. ते पातं साच्यात धरून वर २०० ते २३० अंश सेल्सियसचं प्लास्टिक दाबाने सोडतात. प्लास्टिक भोकातून आरपार जातं, थंड होताना आकसतं आणि शेपटीला आवळून धरतं. पोलाद आणि हे प्लास्टिक एकमेकांना चिकटत नाहीत. नुसती आवळलेली मिठी असते.

आता तुम्ही बाहेरून हीटगन मारली तर काय होईल? प्लास्टिक उष्णता हळू आत नेतं. वरचा थर पातळ होऊन ओघळायला लागेल तेव्हा आतला अजून कडक असेल. आतपर्यंत मऊ होईस्तोवर थांबलात तर मिठी सुटली. मूठ दिसायला छान होईल, आणि एक दिवस लाल भोपळ्यात जोर लावताना पातं भोपळ्यात आणि मूठ आईच्या हातात. म्हणून सांगतो, तापवून आकार देणं मुठीसाठी वाईट कल्पना. कढईने केलं तेही तपासा. पातं धरून मूठ पिरगाळून बघा, कुरकुरते का.

उकळत्या पाण्यात का हललं नाही: तुमची मूठ बहुतेक पॉलीप्रॉपिलीन, आमच्या भाषेत पीपी. ते १६० ते १६५ अंशांना वितळतं. पाणी १०० च्या पुढे जात नाही, पुण्यात तर ९८ लाच उकळतं. त्या तापमानाला पीपी थोडं नरम होतं, वाकवलं तर वाकतं, सोडलं की बरंचसं परत जातं.

सदाखटपटे
रविवार, सकाळी ८:३०

काका, धन्यवाद. पिरगाळून पाहिली, कुरकुरत नाही. पण "बहुतेक पीपी" म्हणालात. घरी खात्री कशी करायची?

साचेकार
रविवार, दुपारी १:१५

मुठीच्या मागच्या टोकाचा ब्लेडने एक बारीक कीस काढा. अख्खी मूठ पाण्यात टाकू नका, आत पोकळी असेल तर फसाल.

साध्या पाण्यात कीस तरंगला तर पीपी किंवा त्याचं भावंड पॉलिथिन. बुडाला तर १०० मिली पाण्यात ३६ ग्रॅम मीठ विरघळवा, त्याहून जास्त विरघळत नाही. त्या पाण्याची घनता १.२ च्या आसपास येते. त्यात तरंगला तर एबीएस नावाचं प्लास्टिक किंवा नायलॉन. त्यातही बुडाला तर पीव्हीसी, अ‍ॅसिटल किंवा बेकलाइट, हीही प्लास्टिकंच. एबीएस की नायलॉन हे नेलपॉलिश रिमूव्हरने कळतं, पण तो अ‍ॅसिटोनचा हवा. एबीएस पुसलं की चिकट होतं, नायलॉनला काही होत नाही.

एक खोड सांगून ठेवतो. स्वस्तात पाडायचं म्हणून पीपीमध्ये खडूची पूड घालतात, मग तेही साध्या पाण्यात बुडतं. आमच्या धंद्यात कोण काय घालेल सांगता येत नाही.

आणि जाळून वास घेऊन ओळखायची पद्धत कुणी सुचवली तर ऐकू नका. पीपी मेणबत्तीसारखं वास मारतं, नायलॉन जळक्या केसांसारखं, इथवर ठीक. पण अ‍ॅसिटल तापलं की फॉर्मल्डिहाइड सोडतं आणि पीव्हीसी हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ. ओळख पटेपर्यंत डोळ्यांतून धारा.

टोपणराव
रविवार, दुपारी १:३२

आमच्या कुकरच्या मुठीला काय करायचं? तीही बोचते.

साचेकार
रविवार, दुपारी १:५०

तिला काहीच करायचं नाही. ते बेकलाइट, १९०७ साली लिओ बेकलंड यांनी शोधलेलं. साच्यात एकदा शिजलं की परत मऊ होत नाही. पोळीचं परत पीठ होत नाही तसं. तापवलं तर जळेल, वितळणार नाही. तापलेली सुई टोचून बघा, आत जाणार नाही. ते घासूनच गोल करा.

कर्दळ
रविवार, दुपारी ३:२०

साचेकार काका, आजोबांचा एक घडीचा चाकू आहे, मूठ हस्तिदंतासारखी पिवळसर, वाकडी झालीय. गरम पाण्यात घालून सरळ करू का? फार जुना आहे, स्वातंत्र्याच्या आधीचा.

साचेकार
रविवार, दुपारी ३:४५

बोटाने जोरात चोळा आणि वास घ्या. कापराचा आला तर सेल्युलॉइड. ते नायट्रोसेल्युलोज आणि कापूर मिळून करतात आणि कागदापेक्षा भराभर पेटतं. टेबल टेनिसचे चेंडूसुद्धा २०१४ पर्यंत त्याचेच होते, एखादा जुना मिळाला तर मोकळ्या मैदानात पेटवून बघा म्हणजे कल्पना येईल. किंवा नकोच, बघू नका. चाकू तसाच वाकडा जपून ठेवा, गॅसपासून लांब.

कर्दळ
रविवार, संध्याकाळी ६:०२

कापराचाच वास आला!! इतकी वर्षं देवघराच्या खणात उदबत्तीशेजारी ठेवला होता. हलवला.

ऐरणीचा_आवाज
रविवार, रात्री ९:१८

धागा लई आवडला. आमचं घर अवजारांचं, कोल्हापूरकडं. मुठीला आग लावायची ही गोष्ट नवी न्हाई भावा. कोयत्याची, खुरप्याची शेपटी लाल करून बाभळीच्या मुठीत ठोकायची, लाकूड जळत जळत शेपटीच्या मापाचं भोक आपोआप पडतं. धूर निघतो, वास सुटतो, मूठ बसली की वर्षानुवर्षं निघत न्हाई. जुन्या तलवारींचं त्याच्या उलट. मुठीत राळ-लाखेचा मसाला वितळवून ओतायचा आणि त्यात पात्याची शेपटी बसवायची. पातं बदलायचं झालं की मूठ तापवायची, मसाला सुटतो, पातं बाहेर.

मुद्दा काय, आपल्याकडं उष्णता मुठीला आकार द्यायला वापरली न्हाई, मूठ बसवायला न्हाईतर काढायला वापरली. आकार रंध्याने न्हाईतर कानशीने.

सदाखटपटे, प्लास्टिकचं सोडा. लाकडाची करून देतो. फक्त माप पाठवा.

सदाखटपटे
रविवार, रात्री ९:४०

दादा, मापाचंच तर दुखणं आहे. आईला विचारलं कशी मूठ हवी, तर म्हणते "हातात बसेल अशी".

मनगट
सोमवार, सकाळी ११:०५

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, नाशिकला हातांच्या रुग्णांसोबत काम करते. धागा वाचून राहवलं नाही.

आधी काकूंच्या अंगठ्याबद्दल. विळीवर चिरताना पाट पायाने दाबलेला असतो, पातं स्थिर, दोन्ही हातांनी भाजी पुढे ढकलायची. काहीच आवळून धरावं लागत नाही. सुरीत सगळं उलटं होतं. पातं हलतं, म्हणजे मूठ सतत चिमटून धरायची. चिमटीच्या टोकाशी १ किलोचा दाब दिला की अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर त्याच्या १२ पटीपर्यंत दाब येतो. मूठ जितकी बारीक आणि गुळगुळीत तितकी चिमट घट्ट. त्यामुळे जळक्या सुरीने त्यांना बरं वाटतं यात नवल काहीच नाही. खळग्याने घसरणं थांबलं, घसरणं थांबलं म्हणून आवळणं कमी झालं. पन्नास वर्षं विळीवर काढलेल्या बायका सुरीवर आल्या की अंगठा धरून आमच्याकडे येतात, हे मी नेहमी बघते.

दुसरं, मूठ वितळवण्यापेक्षा तिच्यावर भर घाला. आम्ही हाताचे स्प्लिंट (सांध्याला आधार देणारे साचे) करतो ते पांढरे पत्रे बऱ्याचदा पॉलीकॅप्रोलॅक्टोन नावाच्या प्लास्टिकचे असतात. ते फक्त ६० अंशांना वितळतं. गरम पाण्यात टाकलं की पारदर्शक होतं, बाहेर काढून जरा निवलं की कणकेसारखं हाताने वळता येतं, गार झालं की पुन्हा पांढरं आणि कडक. त्याचेच मणी छंदवाल्यांसाठी ऑनलाइन मिळतात. मुठीवर थापा आणि मऊ असताना काकूंना धरायला द्या. त्यांच्या बोटांचा ठसा हेच माप.

जाडी ३ ते साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. आणि वजन वाढवू नका, सगळीकडे थर नको. तळव्याखाली भर आणि अंगठ्याला खळगा, बस.

साचेकार
सोमवार, सकाळी ११:४०

मनगटताईंना शंभर टक्के अनुमोदन. पण एक अडचण आत्ताच सांगतो: पीपीला काही चिकटत नाही. फेविक्विक नाही, अ‍ॅरल्डाइट नाही, हे मणीही नाहीत. बादलीवर चिकटवलेलं लेबल कसं सोलून निघतं, तसं.

आता गंमत बघा. इथे आगीचा उपयोग आहे! बाटल्यांवर छपाई करण्याआधी किंवा गाडीचा बंपर रंगवण्याआधी कारखान्यात पीपीवरून ज्योत फिरवतात. वितळवायला नाही. ज्योतीने वरच्या थराचं नुसतं ऑक्सिडीकरण होतं आणि मग रंग धरतो. घरी करायचं तर पात्याला ओलं फडकं गुंडाळा, मुठीवरून गॅसलायटरवाल्या टॉर्चच्या निळ्या ज्योतीचं टोक झरकन फिरवा. एका जागी सेकंदभरही थांबायचं नाही. मूठ चमकायला लागली म्हणजे वितळायला लागली, हुकलं. जमलं की नाही ते पाण्याने कळतं: आधी मुठीवर पाण्याचे थेंब मोत्यासारखे राहत होते, ते आता पसरतात. लगेच पुढचं काम करा, हा गुण टिकत नाही.

तरी भिस्त त्यावर ठेवू नका. मुठीला कानशीने आडव्या खाचा पाडा, मिलिमीटरभर खोल, मणी त्यात अडकू देत. पकड खाचांची, ज्योत नुसती मदतीला.

बेएरियातला_बंड्या
सोमवार, रात्री ११:५५

इथे कॅलिफोर्नियातून एक धोक्याची घंटा. ते मणी वापरून मी बायकोच्या पीलरला मूठ केली होती. सुंदर झाली. तिने डिशवॉशरमध्ये टाकली. आत ६० ते ७० अंशांचं पाणी. सकाळी रॅकला एक पांढरा पांगुळगाडा चिकटलेला.

वऱ्हाडी_पाहुणा
मंगळवार, सकाळी ६:५०

अन् आमच्या नागपुरात तं डिशवॉशरही नाही लागत राजेहो. मे महिन्यात काच बंद करून गाडीत ठेवा, बाहेर ४५-४६ असते, आत डॅशबोर्डावर पार ७० च्या वर जाते. मूठ सीटवर झोपून राहील.

टोपणराव
मंगळवार, सकाळी ९:१०

एवढं रामायण कशाला? क्रिकेटच्या बॅटची ग्रिप चढवा, पन्नास-साठ रुपयांत काम. नाहीतर सायकलची ट्यूब. नाहीतर एम-सील.

मनगट
मंगळवार, सकाळी १०:२५

बॅटचा दांडा सव्वातीन-साडेतीन सेंटिमीटर जाड असतो, त्याची ग्रिप दोन सेंटिमीटरच्या मुठीवर मोज्यासारखी लोंबेल. आधी कापड गुंडाळून जाड केलंत तर बसेल, पण कापडात भाजीचं पाणी मुरून आठवड्यात वास. ट्यूब चालते, स्वस्तात उत्तम, पण खळगा मिळत नाही. एम-सीलचा आकार चांगला येतो, मात्र एकदा घट्ट झालं की चूक दुरुस्त करता येत नाही. काकूंसाठी पहिल्या फटक्यात बरोबर होणार नाही, हे धरून चाला. मण्यांचा फायदाच तो, परत गरम पाण्यात टाका आणि परत वळा.

टोपणराव
मंगळवार, सकाळी १०:३१

शस्त्रं खाली ठेवली. 🙏

सदाखटपटे
पुढच्या रविवारी, दुपारी ४:१५

अहवाल.

कीस-परीक्षा: आईची पिवळी सुरी साध्या पाण्यात तरंगली, म्हणजे पीपी. निळी बुडाली, मिठाच्या पाण्यात तरंगली, रिमूव्हरने चिकट झाली. एबीएस. तपकिरी दोन्ही पाण्यांत बुडाली आणि सुई शिरली नाही. काका, तुमच्या नावाने घरात एक छोटी प्रयोगशाळा झाली आहे. बायको विचारते, मिठाचं पाणी फेकू की त्यात कैऱ्या घालू.

काम तशाच नव्या पिवळ्या सुरीवर केलं, जळकीला हात लावला नाही. खाचा पाडल्या, ज्योत फिरवली. पहिल्या खेपेला एक जागा चमकलीच, पण पाणी पसरलं. मण्यांचा हिशोब असा: मूठ १० सेंटिमीटर लांब, २ वरून ३.२ सेंटिमीटर जाड करायची तर सगळीकडून थर द्यायला साधारण ५५ ग्रॅम लागले असते. मनगटताईंचं ऐकून फक्त तळव्याखाली आणि अंगठ्याजवळ घातले, ३५ ग्रॅममध्ये भागलं.

पाणी ७० अंशांवर होतं, आईच्या पुरणाच्या थर्मामीटरने मोजलं. हो, आई पुरण थर्मामीटरने मोजते, तो वेगळ्या धाग्याचा विषय. मणी काचेसारखे झाले, एकमेकांना चिकटले, गोळा उचलून मुठीवर थापला. मग आईला हाक मारली.

इथे मी एक चूक करत होतो ती आईने पकडली. मी म्हणालो, मूठ घट्ट धर. ती म्हणाली, "घट्ट कशाला? घट्ट धरायला लागू नये म्हणूनच करतोयस ना?" आणि शेजारी पाटावर दुधी ठेवला, चिरल्यासारखा हात हलवला, आणि तशीच हलकी धरून दोन मिनिटं उभी राहिली. नुसतं धरणं वेगळं आणि चिरताना धरणं वेगळं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. चिरताना तिची तर्जनी मुठीवर नसतेच, पात्याच्या पाठीवर जाते. माझ्या पद्धतीने केली असती तर बोटाच्या खाचेत भलताच उंचवटा आला असता.

गोळा पांढरा होईपर्यंत थांबलो. कडा गरम चमच्याच्या पाठीने सपाट केल्या, नाहीतर फटीत घाण बसेल.

फोटो जोडतोय. दिसायला दातांच्या डॉक्टरांकडचा साचा वाटतो. पण दुधी, दोन गाजरं आणि अर्धी कोबी चिरून आई म्हणाली, "चालेल."

मनगट
त्याच दिवशी, संध्याकाळी ५:०२

"तर्जनी मुठीवर नसतेच" हे वाक्य मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे. आम्हीही पुष्कळदा नुसता हात पुढे कर म्हणतो आणि ठसा घेतो.

कर्दळ
त्याच दिवशी, संध्याकाळी ५:३०

"चालेल" म्हणजे आपल्या आयांच्या भाषेत सुवर्णपदक. वाखुसा (वाचनखूण साठवली).

सदाखटपटे
अकरा दिवसांनी, रात्री ८:२०

बंड्या, तुझी घंटा मी ऐकली होती, आमच्या मावशींनी ऐकली नव्हती.

काल तुपाची पातेली होती. मावशींनी सगळी भांडी घमेल्यात रचली आणि वरून उकळतं पाणी ओतलं. सुरी तळाशी. पाणी निवल्यावर पाहतो तर मूठ पळीच्या दांड्याला मिठी मारून बसलेली, वर गाळणीचा ठसा. मावशी बिचाऱ्या घाबरल्या, त्यांना वाटलं काहीतरी औषधाचं होतं.

नुकसान शून्य. परत गरम पाणी, परत गोळा, पळी सोडवली, परत आई. दहा मिनिटांत मूठ. पण हे दर महिन्याला होणार. साचेकार काका, वरून काही वेष्टन? वायरींवर चढवतात ती तापवून आकसणारी नळी चालेल?

साचेकार
त्याच दिवशी, रात्री ८:५५

ती नळी आकसायला ९० ते १२० अंश लागतात. खालचे मणी ६० ला वितळतात. नळी आवळत जाईल आणि आतलं पातळ होऊन दोन्ही टोकांनी बाहेर येईल, टूथपेस्टसारखं. उलट क्रमाने केलं तर चाललं असतं, म्हणजे नळी आत आणि मणी वर, पण मग नळीचा उपयोग काय!

खरं सांगू? मण्यांची मूठ हा नमुना समजा. आमच्याकडेसुद्धा साचा करण्याआधी नमुना करतात, आणि नमुना विकत नाहीत.

ऐरणीचा_आवाज
त्याच दिवशी, रात्री ९:३०

मी पैल्यांदाच म्हणालो हुतो, माप पाठवा. आता माप हाय की! सुरीसकट कुरिअर करा. ठसा बघून बाभळीची कोरतो.

आणि शेपटी तापवून ठोकणार न्हाई, काळजी नको. कोयत्याचं पातं जाड, त्याला चालतं. स्वयंपाकाच्या सुरीचं पातं पातळ, शेपटी लाल केली की उष्णता धारेकडं सरकते. पातं निळं पडलं की पाणी उतरलं, मग कितीबी घासा, धार टिकत न्हाई. भोक पाडून दोन रिव्हेट आणि इपॉक्सी. शेपटी आखूड हाय म्हणताय, मग जुनी मूठ फोडून आधी बघतो. लईच आखूड असली तर दुसरं पातं घालू, लांब शेपटीचं.

सदाखटपटे
सव्वा महिन्याने, रात्री ९:०५

मूठ आली. शेपटी खरंच साडेचार सेंटिमीटरच निघाली, म्हणून दादांनी दुसरं पातं घातलं, त्याची शेपटी मुठीच्या टोकापर्यंत आहे. बाभळीची, तांबूस. खळगा तोच, तळव्याखालचा फुगवटा तोच, फक्त गाळणीचा ठसा दादांनी कोरला नाही. त्यांनी पैसे घ्यायला नकार दिला, शेवटी आईने डिंकाचे लाडू पाठवले.

दादांच्या सूचनेप्रमाणे जवसाचं तेल पातळ लावून पुसलं आणि चार दिवस उन्हात नाही, सावलीत वाळवली. पाण्यात भिजत ठेवायची नाही, धुतली की पुसायची. मावशींना आईने स्वतः समजावलं.

वजन मोजलं: मण्यांची सुरी ९८ ग्रॅम होती, ही ११२. मनगटताई, हे जास्त तर नाही?

मनगट
त्याच दिवशी, रात्री ९:४०

वजन मुठीकडे आहे की पात्याकडे ते बघा. मूठ-पात्याच्या सांध्याखाली एक बोट धरून सुरी तोला. मुठीकडे झुकली तर तळव्यात विसावते, त्रास नाही. पात्याकडे झुकली तर मनगटाला उचलून धरावी लागेल. आणि त्यांना सलग अर्धा तास चिरू देऊ नका, मूठ कितीही चांगली असली तरी.

सदाखटपटे
त्याच दिवशी, रात्री ९:५२

मुठीकडे झुकते. 👍

टोपणराव
त्याच दिवशी, रात्री १०:०५

आणि मूळ जळकी सुरी? तिला संग्रहालयात ठेवा.

सदाखटपटे
त्याच दिवशी, रात्री १०:१८

ती ओट्यावरच आहे. भाजी बाभळीच्या सुरीने, आणि मिरच्या-कोथिंबीर अजूनही जळक्या. का विचारलं तर म्हणते, छोटं काम आहे.

आज दुपारी मावशी पिशवीतून त्यांच्या घरची सुरी घेऊन आल्या. हिरवी मूठ, टोकाला वितळलेली, चुलीवर पडली होती म्हणे. "दादा, त्या पांढऱ्या मण्यांचं माझ्या सुरीला पण करून द्या, मी नाही टाकत गरम पाण्यात." कीस काढला, तरंगला. मणी चाळीस ग्रॅम उरलेत. रविवारी बसतोय. मावशी डावखुऱ्या आहेत, तेव्हा आईचा ठसा चालणार नाही.

कर्दळ
त्याच दिवशी, रात्री १०:२६

डावखुऱ्या?? थांबा, माझी जळकी सुरी पाठवते!